आमची वाटचाल : हौसिंगचा आवाज आणि आमचं गॅरेज
कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाट आहे, म्हणून आमचं गॅरेज आहे. काम हौसिंगचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी खोक्याचं. त्यात पिनियन हे छोटं दातेरी चाक क्राउन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. चढाला पिनियनच्या दातांना एका बाजूने जोर, उताराला दुसऱ्या. वडापच्या, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीच्या, सुमो इथे लवकर बोलू लागतात.

सुरुवात दोघांची. भांडवल भागीदाराचं, कान माझा. दुसऱ्या महिन्याच्या कमाईतून घेतलेला डायल गेज, बारीक अंतर मोजायचं काट्याचं माप, आजही त्याच लाकडी पेटीत आहे. बॅकलॅश, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक, त्याच्यावरच बघायचा. हाताने हलवून अंदाज सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

बुडालो एका सुमोमुळे. मी गावाला गेलो असताना भागीदाराने जुन्या क्राउनला नवा पिनियन बसवला, पैसे मात्र पुऱ्या सेटचे घेतले. क्राउन-पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवतात, जोडीचा नंबर दोन्हींवर कोरलेला असतो. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांत गाडी ६० च्या स्पीडला रडायला लागली आणि स्टँडवर नाव खराब झालं माझं. जाब विचारला, तर त्याने समोरच दुकान थाटलं, माझी दोन पोरंही नेली. पाच महिने गाडीखाली काम करायचा खड्डा रिकामा. बेअरिंग दाबून बसवायचा प्रेस विकायला काढला होता.

तेव्हा एकच माणूस आला, मलकापूरचे मामा. समोरच्याने त्यांना अख्खं हौसिंग बदलायला सांगितलं होतं. मी गाडी घाटाकडे घेतली. रेस दिली काय, सोडली काय, आवाज तोच. दात गेले असते तर सूर बदलला असता. डाव्या वळणाला घरघर वाढली, उजव्या वळणाला दबली. म्हणजे भार उजव्या चाकावर आला की बोलतंय. जॅकवर घेतली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हौसिंगच्या कडेला, मूठ कानाला, आणि चाक हाताने फिरवलं. खरखर तिथेच.

"मामा, हौसिंग धडधाकट आहे. एक बेअरिंग अन् एक सील, बास."

दुसऱ्या दिवशी मामांनी स्टँडवरच्या तीन सुमो आणल्या. त्यानंतर काम कधी थांबलं नाही.

तुम्हीही आवाज आला की आधी टायर बघा. रस्ता बदलल्यावर सूर बदलला तर दोष टायरचा. गिअर टाकताना 'टक्' झालं तर आधी क्रॉस, म्हणजे गिअरबॉक्सकडून हौसिंगकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा, तपासा. हौसिंगचं तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवा. काळी बारीक भुकटी आली तर घाबरू नका, चकत्या आल्या तर गाडी हलवू नका.

ती पहिली सुमो मी नंतर स्वखर्चाने नीट करून दिली. तिच्यातून काढलेला क्राउन आणि पिनियन बाकावर शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींचे नंबर वेगळे आहेत, उघड्या डोळ्यांनी वाचता येतात. भागीदार रस्त्यापलीकडेच बसतो. अजून बघायला आलेला नाही.