आमची वाटचाल: चार नोड, पाच नोड आणि मग थेट सात

सुरुवातीला आमचं काम सरळ होतं. एकाच कंपनीच्या डेटाबेसच्या प्रती तीन-चार सर्व्हरवर एकसारख्या ठेवायच्या. त्याला राफ्ट, म्हणजे सर्व्हरांमध्ये एकमत घडवण्याची एक पद्धत, पुरायचं. सर्व्हर बंद पडला तर राफ्ट निभावून नेतं. खोटं बोलला तर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

मग व्यापाऱ्यांचा एक गट आला. खातेवही सामाईक हवी, पण कुणा एकाच्या ताब्यात नको. पहिल्याच बैठकीत एकाने विचारलं, “आमच्यातल्याच कुणी दोघांना दोन वेगळे आकडे पाठवले तर?” राफ्टचा विषय तिथेच संपला.

प्रश्न जुनाच. लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीज यांनी १९८२ साली तो बायझंटाइन सेनापतींच्या रूपात मांडला होता: काही सेनापती फितूर असले तरी बाकीच्यांचं एकमत कसं व्हावं? आम्ही टेंडरमिंट घेतलं, म्हणजे काही सर्व्हर लबाड असले तरी एकमत घडवणारं इंजिन. त्यात एक नोड (जाळ्यातला एक सर्व्हर) ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, सुचवतो, मग सगळे नोड प्रीव्होट आणि मग प्रीकमिट अशी दोनदा मतं देतात, आणि दोन्ही वेळा दोन-तृतीयांशाहून जास्त मतं लागतात. चार नोडमध्ये तिघांचं जमलं की काम होतं, म्हणजे एक लबाड खपतो. गटाने सुरक्षेसाठी पाचवा नोड मागितला, आम्ही बसवला, बिलही लावलं. गणित नंतर मांडलं: पाचात चार मतं लागतात, लबाड अजूनही एकच खपतो! बिल परत केलं, दुसरं काय करणार.

खरा घोळ मात्र आमच्याच कोडमध्ये निघाला. एके दिवशी पाचही नोड सुरू, पण नवा ब्लॉक बनेना. प्रत्येकाचा ॲप-हॅश, म्हणजे खातेवहीच्या स्थितीवरून काढलेला ठसा, वेगळा, त्यामुळे एकाचा प्रस्ताव दुसऱ्याला चुकीचा वाटायचा. व्यवहारांच्या क्रमावर इंजिनाने एकमत केलं होतं. उत्तर आमचं वेगळं येत होतं. शुल्काची वाटणी करून उरलेली बाकी आम्ही यादीत पहिल्या येणाऱ्याच्या नावावर टाकायचो, आणि ती यादी होती गो या प्रोग्रामिंग भाषेतला मॅप. मॅपचा क्रम गो मुद्दामच दरवेळी बदलतं. आधी नावं क्रमाने लावायची, एवढीच दुरुस्ती. शोधायला अख्खा दिवस गेला.

“बंद कशाला पाडलंत, चालू ठेवायचं होतं,” म्हणून गट चिडला. चालू राहिलं असतं तर पाच जणांकडे पाच वह्या झाल्या असत्या, हे त्यांना पाचही नोडच्या नोंदी शेजारी ठेवून दाखवलं.

पुढची ऑर्डर आली ती एकदम दोन नोडची. सहावा एकटा नकोच, म्हणाले.