आमची वाटचाल : वाचलेले मासे आम्ही विकले नाहीत

कऱ्हाडजवळ उसाच्या फडाला लागून वडिलांची अर्धा एकर पडीक जागा होती. 2012 साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने तिथे सिमेंटच्या चार टाक्या बांधल्या, वर हिरवी शेडनेट ताणली आणि गप्पी-मोली या शोभेच्या माशांपासून सुरुवात केली. दोन वर्षांत गोल्डफिशवर आलो. जलपर्णीच्या मुळांवर अंडी घ्यायची, पिल्लांना आधी आर्टेमिया, मग डाफ्निया हे पाण्यातले बारीक जीव खायला द्यायचे आणि रंग फुटायची वाट बघायची. माल तयार झाला की ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बांधून रातराणीने पुण्या-मुंबईला. कुर्ल्याच्या बाजारात आमचा ओरँडा, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला गोल्डफिश, डोळे झाकून घेतला जाऊ लागला, तोवर चार टाक्यांच्या अठरा झाल्या होत्या.

सुरुवात एवढीच. मला सांगायचं आहे ते 2018 च्या हिवाळ्याबद्दल.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पैदाशीला नवं रक्त हवं म्हणून बाहेरच्या राज्यातून ओरँडाचे चाळीस नर-माद्या आणले. रिवाजाप्रमाणे पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवले. पाणी 29 अंशांवर होतं. एकही मासा दगावला नाही, खाणं चोख. सोळाव्या दिवशी ते आमच्या पैदाशीच्या माशांत सोडले. डिसेंबरात थंडी पडली, सकाळचं पाणी 19 अंशांवर आलं, आणि एका पहाटे भाऊ धावत आला, "ताई, मासे तळाला बसलेत."

अंगावर जखम नाही, ठिपका नाही, बुरशी नाही. फक्त लालभडक असायचे ते कल्ले फिकट पडलेले. पहिल्या दिवशी सात मेले, चौथ्या दिवशी सव्वाशे. औषधांच्या दुकानात जिवाणूंचा रोग असेल असं सांगितलं, म्हणून अँटिबायोटिक दिलं. मग मीठ. मग पोटॅशियम परमँगनेट. सूक्ष्मदर्शकाखाली कल्ल्यांवर ट्रायकोडिना दिसले म्हणून फॉर्मॅलिन. ते परजीवी होतेच, पण आधीच खचलेल्या माशावर मागाहून चढलेले. आठ दिवस असे गेले आणि त्या आठ दिवसांत आम्ही एकच जाळी टाकीटाकीतून फिरवत राहिलो. ही चूक मला आजही बोचते. रोग आणला बाहेरच्या माशांनी, पण घरभर पसरवला आमच्या हातांनी.

शेवटी एका मत्स्यरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून नुकत्याच मरू घातलेल्या माशांचे मूत्रपिंड, प्लीहा आणि कल्ल्यांचे तुकडे अल्कोहोलमध्ये घालून पीसीआर तपासणीला, म्हणजे जंतूची जनुकीय खूण शोधायला, पाठवले. उत्तर आलं: सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-2. जपानमध्ये 1992 साली गोल्डफिशमध्ये पहिल्यांदा सापडलेला विषाणू. तो रक्त घडवणाऱ्या पेशींवरच घाला घालतो. मूत्रपिंड आणि प्लीहा निकामी होतात, रक्त उरत नाही, म्हणून कल्ले पांढरे पडतात. त्यावर औषध नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूला त्याचा काडीचाही फरक पडत नाही.

तज्ज्ञांनी सांगितलेली दुसरी गोष्ट ऐकून मी हादरले. हा रोग साधारण 15 ते 25 अंशांत भडकतो, पाणी गरम असलं की गप्प राहतो. म्हणजे ऑक्टोबरातले ते पंधरा दिवस आम्ही माशांची परीक्षा घेतलीच नव्हती. विषाणूला दडून राहायला ऊबदार जागा दिली होती.

मग हीटर लावले. पाणी 30 च्या वर नेलं तशी मर थांबली. अकरा हजारांतले सुमारे अठराशे मासे उरले, आणि आठवड्याभरात ते असे तरतरीत झाले की कुणी आजारी होते म्हटलं तर पटू नये. खरी कसोटी तिथून पुढे. बँकेचा हप्ता थकलेला, ऑर्डरी हातात. एक व्यापारी म्हणाला, निम्म्या भावात द्या, मी खपवतो. पण कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगात दडून बसतो आणि वर्षांनी नागीण म्हणून उठतो, तसाच हासुद्धा. दूरच्या नात्यातलाच आहे. वाचलेला मासा तो अंगात बाळगून राहतो आणि कुणाच्या तरी टाकीत, पुढच्या थंडीत, पुन्हा सोडतो. आमच्याकडे तो असाच तर आला होता.

आम्ही अठराशेच्या अठराशे मासे लवंगेच्या तेलाच्या पाण्यात कायमचे झोपवले आणि चुना टाकून खड्ड्यात पुरले. चार वर्षं जोपासलेली ओरँडाची माझी जुनी जोडीही त्यात होती. आई त्या दिवशी रानाकडे फिरकली नाही.

टाक्या ब्लीचिंगने धुऊन मे महिन्यापर्यंत कोरड्या उन्हात तापवल्या. जून 2019 मध्ये पुन्हा चार टाक्यांनी सुरुवात केली.

आता आमची विलगीकरणाची खोली वेगळी आहे, तिचं पाणी, जाळ्या, बादल्या, सगळं वेगळं. नवे मासे तिथे 22 अंशांत चार आठवडे राहतात आणि त्यांच्यासोबत आमचे पाच निरोगी मासे सोडतो. नव्यांच्या अंगात काही असेल तर बऱ्याचदा आधी ते पाच सांगतात. वर पीसीआर करतो. ग्राहक म्हणतात, एवढा खर्च कशाला? मी त्यांना तो डिसेंबर सांगते. कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प, मात्र आम्ही गोल्डफिशच्या शेजारीसुद्धा ठेवत नाही. कोईचा हर्पिस विषाणू वेगळा, पण गोल्डफिश स्वतः आजारी न पडताही तो विषाणू वाहून नेऊ शकतो.

शेजारच्या तळ्यावरचे दादा रोहू-कटल्याची काळजी करत आले होते. हा विषाणू गोल्डफिश आणि त्याच्या सख्ख्या भावंडांपुरता. चीनमध्ये खाण्यासाठी पाळलेल्या गिबेल कार्पची त्याने फार हानी केली, रोहूची नाही. माणसाला तर तो होतच नाही. पण तिलापिया पाळणाऱ्यांना मी आवर्जून सांगते की त्यांच्या माशाचाही एक विषाणू आहे, टिलापिया लेक व्हायरस, आणि तो भारतात सापडलेला आहे. मर झाली की लपवू नका. 2013 पासून माशांच्या रोगांवर देशपातळीवर पाळत ठेवणारा कार्यक्रम चालू आहे आणि 2023 पासून मोबाइलवरून कळवायची सोयही झाली आहे. आम्ही आठ दिवस गप्प राहिलो, तुम्ही राहू नका.

सध्या बावीस टाक्या चालू आहेत. विलगीकरणात र्‍युकिन जातीच्या गोल्डफिशच्या सहा जोड्या आहेत, आज त्यांचा एकोणिसावा दिवस. सकाळी पाणी 21 अंशांवर होतं आणि पाचही सोबती मासे दाण्यासाठी वर आले.