चोचींचा स्टॉल: अदलाबदल बंद, पिल्लं सुरू

प्राण्यांची शरीरं आणि उत्क्रांती पोरांना खेळातून दाखवायच्या आमच्या स्टॉलांची ही खबरबात. आधी छोटी खुशखबर, सीलच्या चरबीची नक्कल करणारा हातमोजा गळायचा थांबला एकदाचा! आतली झिपलॉक उलटी करून तिची झिप बाहेरच्या पिशवीच्या झिपमध्ये अडकवायची, मध्ये वनस्पती तूप, कडेने डक्ट टेप. बर्फाच्या पाण्यात पोरं निवांत हात घालून उभी आणि नुसती रिकामी पिशवी चढवलेले बाबालोक दोन मिनिटांत हात झटकत बाहेर, सीलची चरबी वेगळी समजवावीच लागली नाही.

आता डोकेदुखी, अर्थात चोचींचा स्टॉल. चोची म्हणून चिमटा, कपड्यांचा क्लिप, ड्रॉपर सगळं टेबलावर, आणि पोरं काय करतात, दाणे आले की क्लिप उचलतात, बाटलीतला 'मध' आला की ड्रॉपर. काय कळलं विचारलं तर एक चिमुरडी म्हणते, "पक्षी खाऊ बघून चोच बदलतो." घ्या! जिराफाने ताणून ताणून मान लांब केली, त्या जुन्या गैरसमजाचंच हे भावंड. खरं तर पक्षी चोच बदलत नाही, खाऊला जुळणारी चोच असलेले जास्त टिकतात आणि त्यांचीच पिल्लं वाढतात. आणि तोंडाने कितीही समजावा, हाताने अदलाबदल केली की तेच डोक्यात बसतं.

म्हणून यावेळी खाऊ फक्त दाणे आणि एकाला एकच चोच, मनगटाला सुतळीने बांधलेली. पोट म्हणजे कागदी कप, भरला नाही तर बाद. बाद झाल्यावर छोट्यांनी भोकाडच पसरलं, मग ऐनवेळी सुचलं की बसवायचंच नाही, ज्याचा कप भरलाय त्याचं पिल्लू होऊन परत यायचं, त्याच्याच चोचीने. आणि जमलं की हो! तिसऱ्या फेरीत टेबलाभोवती जवळपास सगळे क्लिपवाले, आणि एकाने आपणहून विचारलं, "ड्रॉपरवाले कुठे गेले?" याच प्रश्नासाठी तर एवढा खटाटोप.

क्लिप लाकडीच घ्या, प्लास्टिकवाल्यांच्या स्प्रिंगा उडतात, आणि सेटमधले स्वस्त चिमटे राजम्याला टेकले तरी वाकतात. (अगदी लहानांच्या हाती राजमा नकोच, थेट नाकात जातो.)

पुढच्या वेळी लोकरीच्या रंगीत अळ्या गवतात लपवणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय हेच टेबल पुढे न्यावं, मध्येच दुष्काळ पाडावा. १९७७ साली गालापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर हेच झालं ना, बारीक बिया संपल्या, गोखरूच्या जातीतल्या टणक काटेरी बिया उरल्या, जाड चोचीच्या फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी) जास्त जगल्या आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. म्हणजे दोन फेऱ्यांनंतर मोहरी उचलून घ्यायची, राहील फक्त राजमा. मग ड्रॉपर कशाला, सगळ्यांना चिमटेच देऊ, काही बारीक टोकाचे, काही रुंद. एकाच जातीतला फरक दाखवायचाय, तर चोचीही एकाच जातीच्या हव्यात. रुंद टोकाचे कुठे मिळतात ते बघतो, नाहीतर आईस्क्रीमच्या काड्या चिकटवून करतो.