तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन मधेच थांबलं तर आधी काय बघायचं?

आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, कुठेही भेट झाली की मला एक प्रश्न हमखास येतो, "ताई, आमचं वॉशिंग मशीन मधेच थांबतंय हो, मेकॅनिकला बोलवू की आता नवीनच घेऊन टाकू?" आमच्या घरचं टॉप लोड मशीन बरंच जुनं आहे, अजून रोज चालतं आणि त्याची साफसफाई मी घरीच करते हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या ना कुणाच्या मशीनच्या डिस्प्लेचा फोटो आलेला असतोच. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते.

मी उलटा एकच प्रश्न विचारते, थांबलं ते नेमकं कुठे? पाणी भरताना, कपडे फिरताना, पाणी सोडताना की पिळताना? बहुतेकांना हे सांगता येत नाही, कारण आपण बटण दाबतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो. पण निम्मं उत्तर तिथेच असतं. पुढच्या वेळी दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहा, कान देऊन ऐका, कुठल्या टप्प्यावर आवाज बंद झाला ते बघा. माझा अनुभव असा की घरी येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी मशीनच्या नसतातच, पाण्याच्या असतात. पाणी नीट येत नाही, नीट जात नाही, नाहीतर पाण्यातला क्षार आत साचलेला असतो. आम्ही वाघोलीत राहतो, इथे बोअर आणि टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो तसाच तो ड्रमच्या मागेही बसतो, फक्त तो दिसत नाही.

तर पहिलं, पाणी भरतानाच थांबलं तर. एलजीच्या मशीनवर 'आयई' दिसतं, सॅमसंगवर '४सी' किंवा जुन्या मॉडेलवर '४ई'. त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळेत पाणी हवं तेवढं भरलं नाही. यात मशीन बिघडलंय असंच असेल असं नाही. नळ पूर्ण उघडा आहे का, पाईप मशीनमागे दबलाय का ते बघा, आणि मग मशीनमध्ये पाणी आत शिरतं तिथली जाळी साफ करा. ही जाळी बऱ्याच जणांनी मशीन घेतल्यापासून पाहिलेलीच नसते. नळ बंद करायचा, प्लग काढायचा, मशीनच्या मागे जिथे पाण्याचा पाईप लागतो तिथलं आटं हाताने सोडवायचं, खाली एक फडकं ठेवायचं कारण पाईपातलं थोडं पाणी सांडतंच. आत डोकावलं की बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी दिसते, तिला मधोमध एक छोटा दांडा असतो, तो चिमट्याने किंवा पकडीने धरून सरळ बाहेर ओढायचा, पिरगाळायचा नाही. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात ती जाळी निघते तेव्हा तांबूस चिखल, बारीक वाळू आणि टाकीतल्या शेवाळाचे तुकडे असं सगळं तिच्यावर बसलेलं असतं. जुन्या टूथब्रशने घासायची, क्षार जास्त असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायची, धुवायची, परत बसवायची. जाळीशिवाय मशीन चालवू नका, कारण मग तीच वाळू पाणी सुरू-बंद करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते आणि व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, मशीन बंद असतानाही टबात थेंब थेंब पाणी जमायला लागतं.

जाळी स्वच्छ असूनही पाणी हळू येत असेल तर प्रेशर बघा. बऱ्याच मशीनच्या पुस्तकात कमीत कमी ०.३ बार प्रेशर लागतं असं लिहिलेलं असतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ३ मीटर, दहा फूट तरी वर पाहिजे. आता वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावरच असते, तिथे एवढी उंची मिळतच नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांकडे तेच मशीन व्यवस्थित चालतं. वरच्या मजल्यावरच्या एका काकांना मशीन बदलून घ्यायचं होतं, त्यांना मी हेच सांगितलं, मशीन बदललंत तरी टाकी तिथेच राहणार आहे काका. तिथे छोटा प्रेशर पंप लावणं किंवा कमी प्रेशरवर चालणारा व्हॉल्व्ह मिळतो का ते विचारणं हाच उपाय.

एक उलटी तक्रारही येते, पाणी भरतच राहतं, थांबतच नाही. इथे दोन गोष्टी असतात. टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते, पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीनला कळतं की किती पाणी भरलं. नळी निसटली, चिरली किंवा तिच्या तोंडाशी साबणाचा गाळ बसला की मशीनला पाणी भरलेलं कळतच नाही. दुसरी गोष्ट, पाणी एकीकडून भरतंय आणि दुसरीकडून जातंय. ड्रेन पाईपमधून भरताना सुद्धा पाणी वाहतंय का ते बघा. वाहत असेल तर ड्रेन व्हॉल्व्हमध्ये काहीतरी अडकलंय, एखादं नाणं, ब्लाउजचा हूक, नाडीचा तुकडा. पंपवाल्या मशीनमध्ये पाईपचं तोंड फार खाली सोडलेलं असेल तरी पाणी आपोआप ओढून निघून जातं, तिथे पाईप पुस्तकात दाखवलाय तेवढा उंच अडकवला की काम होतं.

आता पाणी जातच नाही, एलजीवर 'ओई' किंवा सॅमसंगवर '५सी'. आधी पाईप बघा, मग बाथरूमची जाळी बघा, केस आणि गुंतवळ तुंबलेलं असेल तर मशीन बिचारं पाणी सोडणार कुठे. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनला पंप नसतो, पाणी स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, त्यामुळे पाईप जमिनीलगत आणि उताराकडे पाहिजे, तो उचलून बेसिनमध्ये किंवा उंबऱ्यावरून पलीकडे टाकला की पाणी अर्ध्यातच अडतं. नवीन टाइल्स बसवल्यावर किंवा मशीन दुसऱ्या कोपऱ्यात सरकवल्यावर ही तक्रार आली तर कारण बहुतेक हेच.

आणि इथे एक गोष्ट समजून घ्या कारण याच ठिकाणी लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. अशा बिनपंपाच्या पुष्कळ मशीनमध्ये एक छोटी ड्रेन मोटर असते, ती वायर ओढून व्हॉल्व्हही उघडते आणि त्याच ओढीने क्लचला धुण्यावरून पिळण्यावर आणते. म्हणजे ही एकच मोटर गेली तर पाणीही जात नाही आणि कपडेही पिळले जात नाहीत. आपल्याला वाटतं दोन बिघाड झाले, मोठी मोटर गेली, गिअरबॉक्स गेला. कपडे नीट धुतले जातायत, फक्त शेवटी पाणी तसंच उभं आहे, असं असेल तर मेकॅनिकला स्पष्ट सांगा की आधी ड्रेन मोटर चेक करा. मोठ्या मोटरच्या मानाने हा खर्च फारच कमी असतो.

पिळताना धडाधड आवाज येऊन थांबणं, डिस्प्लेवर 'यूई' म्हणजे कपड्यांचं वजन एका बाजूला गेलंय, हे तर घरोघरी. मशीन पाणी घेऊन परत कपडे हलवून बघतं, परत प्रयत्न करतं आणि शेवटी थांबतं. एकटी जाड चादर, एकटी गोधडी टाकली की ती एका बाजूला गोळा होते, तिच्यासोबत दोन टॉवेल टाका, वजन वाटलं जातं. साडी किंवा लांब ओढणी कपड्यांभोवती गुंडाळली जाते, तिला जाळीच्या पिशवीत घाला. मात्र रेनकोट, छत्रीचं कापड, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर हे मशीनमध्ये पिळायचंच नाही, अगदी कधीच नाही. त्यात पाणी अडकून राहतं, बाहेर पडायला जागा नसते, आणि वेग वाढल्यावर ते पाणी एकदम एका बाजूला गेलं की मशीन जागचं उडतं. हे सगळ्या कंपन्या पुस्तकात लिहितात आणि पावसाळा आला की तरीही कुणीतरी टाकतंच, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

कपडे बरोबर असूनही हादरत असेल तर पाय बघा. मशीनच्या कोपऱ्यांवर हात ठेवून तिरकं दाबायचं, डुगडुगलं तर खालचा पाय फिरवून उंची जुळवायची आणि वरचा नट घट्ट करायचा. पुठ्ठ्याची घडी खाली सारू नका, ती भिजते आणि महिन्याभरात परत तेच. पाय बरोबर असतील तर झाकण उघडून रिकामा टब हाताने खाली दाबा आणि सोडा, तो वर येऊन लगेच स्थिर झाला पाहिजे. झोका घेत राहिला तर टबाला धरून ठेवणारे चार कोपऱ्यांतले सस्पेन्शन रॉड ढिले झालेत, ते बदलायला मेकॅनिक लागेल, चारही एकदमच बदलून घ्या.

आता जे माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं आहे ते, आतली स्वच्छता. "धुतलेल्या कपड्यांवर काळे कण येतात हो" ही तक्रार आली की मला कळतं त्या घरात झाकण बंद असतं आणि साबण जास्त पडतो. आपल्याला दिसतो तो आतला ड्रम, त्याच्या बाहेर दुसरा टब असतो आणि या दोघांच्या मधल्या जागेत साबण, सॉफ्टनर, कपड्यांचा लिंट म्हणजे सुटलेले बारीक तंतू आणि पाण्यातला क्षार असा चिकट थर बसत जातो, त्यावर बुरशी धरते, आणि तेच सुटून कपड्यांवर येतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, बोअरचं पाणी कित्येकदा याच्याही वर जातं. अशा पाण्यात साबण फेसत नाही, मग आपण अजून एक चमचा टाकतो, आणि तो जास्तीचा साबण विरघळत नाही, आतच बसतो.

मी काय करते, रिकाम्या मशीनमध्ये पाणी पूर्ण भरून त्यात १०० ते १५० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकते, किराणा दुकानात सुटं मिळतं. आमच्या मशीनला हीटर नाही म्हणून बादलीभर कोमट पाणी वरून घालते, उकळतं नाही, प्लॅस्टिक आणि रबर आहे आत. थोडं फिरवून पॉज करून तासभर ठेवते आणि मग सायकल पूर्ण होऊ देते, त्यानंतर एकदा साध्या पाण्यावर. पहिल्यांदा करणाऱ्यांना पाण्यावर कागदाच्या कपट्यांसारखे करडे पापुद्रे तरंगताना दिसतील, ते चहाच्या गाळणीने काढून टाका म्हणजे ड्रेनमध्ये जाणार नाहीत. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नळाचं चांगलं पाणी असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुरतं. एक कळकळीची सूचना, लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि आपली मशीनं तर छोट्या बंद बाथरूममध्ये असतात. लिंटची पिशवी प्रत्येक धुण्यानंतर रिकामी करा, आणि धुणं झाल्यावर झाकण उघडंच ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र पाण्याचा नळ आणि प्लग बंद करून, बाथरूमचं दार लावून घ्या.

तळाची फिरणारी चकती, पल्सेटर, तीही अधूनमधून काढावी. मधलं टोपण उचकटलं की खाली एकच स्क्रू असतो, तो काढून चकती सरळ वर उचलायची, घट्ट बसली असेल तर भोकांमधून मजबूत दोरी ओवून दोन्ही बाजूंनी सारखी ओढायची. खाली हेअरपिना, बटणं, नाणी सापडतात, आणि "फिरताना खरखर आवाज येतो" त्याचं मूळ कित्येकदा हेच.

आता जिथे मी हात लावत नाही आणि तुम्हीही लावू नका असं. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याच क्षणी स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग नाही किंवा तुटलंय, ओल्या बाथरूममध्ये हा जिवाशी खेळ आहे. चप्पल घालून लावते हो, काही होत नाही, असं कुणी म्हटलं की माझा जीव वरखाली होतो. नुसता घूं आवाज येतो आणि चकती फिरत नाही तर मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर कमजोर झालेला असू शकतो नाहीतर बेल्ट सरकलाय, पण कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट साठलेला असतो म्हणून मागचं पॅनेल उघडून तिथे बोटं घालू नका. मशीन पूर्णच बंद पडलं, लाइटच लागत नाही, तर सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा आणि मग मशीनखाली टॉर्च मारा, उंदरांनी वायर कुरतडलेली असते. खालून उघडं असलेल्या मशीनला बेताची जाळी बसवून घ्या, मुंबई-पुण्याच्या तळमजल्यांवर तर आधी तेच करा.

राहिला प्रश्न नवीन घ्यायचं का. पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेला असं सांगितलं की लोक घाबरतात, कारण नवा बोर्ड महाग पडतो, पण बोर्ड रिपेअर करून देणारी दुकानं बहुतेक शहरांत आहेत, आधी तिथे विचारा. व्हॉल्व्ह, ड्रेन मोटर, रॉड, बेल्ट, कपॅसिटर यातल्या कशासाठीही मशीन टाकून देऊ नका. गिअरबॉक्स गेला आणि जोडीला खालचा पत्राही गंजून हाताने मोडायला लागलाय, असं असेल तर मात्र मीसुद्धा सांगते, आता नवीन बघा. आणि मेकॅनिकला फोन करण्याआधी मागच्या स्टिकरवरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून पाठवा, थांबलेला टप्पा आणि एरर सांगा, म्हणजे तो येताना बरोबर पार्ट घेऊन येतो आणि तुम्हाला व्हिजिटचे पैसे दोनदा द्यावे लागत नाहीत. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.