साडेनऊला अंधार नाही: बर्लिन कादंबरीची सहावी नोंद

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ४१,००० शब्द झाले, दिवाळीपर्यंत पहिला खर्डा हातावेगळा करतो. आज आकडा ३३,००० आहे. आठ हजार शब्द कुठे गेले, त्याचीच ही हकिकत.

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: गोष्ट १९४७च्या बर्लिनमधली. शहर महायुद्धाच्या चौघा विजेत्यांनी (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया) वाटून घेतलेलं, अर्धं ढिगाऱ्यात. नायक गुन्हे शाखेतला, चाळिशी उलटलेला. त्याचा जर्मन हुद्दा 'कमिसार'. पण मराठीत तो शब्द आला की डोळ्यांपुढे लाल तारा आणि स्वस्तातली रशियन पुस्तकं उभी राहतात, म्हणून मी त्याला सरळ 'फौजदार' करून टाकलाय. दोघा-तिघांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

तर तिसऱ्या प्रकरणात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या मिट्ट काळोखात लांडवेअर कालव्याच्या काठी एक खून होतो. हे प्रकरण माझं सगळ्यात लाडकं. धाकटी बहीण हॅम्बुर्गला असते, तिला वाचायला पाठवलं. तिचा फोन आला तो हसतच. "अरे दादा, जूनमध्ये इथे साडेनऊला माझी पोरगी अंगणात सायकल फिरवत असते. तुझ्या खुन्याला काय सगळ्या गल्लीसमोर खून करायचाय?"

मी मनात म्हटलं, असेल तासाभराचा फरक, दहा-साडेदहा करू. पडताळायला बसलो तर प्रकरण आणखी बिघडलं. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात; त्या वर्षी जर्मनीत या उन्हाळी वेळेवर आणखी एक तास चढवला होता. ११ मे ते २९ जून १९४७ घड्याळं नेहमीपेक्षा दोन तास पुढे. म्हणजे माझ्या खुनाच्या दिवशी बर्लिनमध्ये सूर्य मावळला तोच साडेदहाच्या सुमाराला. अकरा वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळणार. पुण्यात बसून लिहिलेला काळोख होता तो. आपल्याकडे सात-सव्वासातला दिवे लागले की झालं, तोच हिशेब मी तिकडे नेला होता.

(आजोबांना हे ऐकून नवल वाटलं नसतं. मुंबईत १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम आणि स्टँडर्ड टाइम अशा दोन वेळा नांदत होत्या, ३९ मिनिटांच्या फरकाने. भेटायची वेळ ठरवताना "कुठल्या टायमाने?" हे विचारावं लागायचं.)

पहिला विचार आला की गोष्टच हिवाळ्यात ढकलावी. १९४६-४७चा तो कुप्रसिद्ध हिवाळा अंधाराच्या बाबतीत उदार होता: कोळसा नाही, वीज जायची, माणसं घरातल्या घरात गारठून मरत होती. कोलोनच्या कार्डिनल फ्रिंग्स यांनी ३१ डिसेंबर १९४६च्या प्रवचनात सांगितलं की जगण्यापुरतं लागतं ते दुसऱ्या मार्गाने मिळत नसेल तर घ्यायला हरकत नाही. लोकांनी कोळसा चोरायला 'फ्रिंगसेन' असं क्रियापदच करून टाकलं. पण कालवा गोठलेला असेल तर माझं प्रेत बुडणार कसं? शिवाय त्याच जानेवारी-फेब्रुवारीत हॅम्बुर्गच्या ढिगाऱ्यांत गळा आवळून मारलेली चार माणसं सापडली होती, अंगावर कपडे नाहीत. पोस्टरं लावूनही कुणीच त्यांना ओळखलं नाही, आणि खुनीही कधी सापडला नाही. त्या चौघांच्या शेजारी माझा रचलेला खून नेऊन ठेवायला मन धजलं नाही. हिवाळा रद्द.

दोन आठवडे काही लिहिलं नाही. मग एकदा त्याच तारखांकडे बघताना ट्यूब पेटली. २९ जूनच्या पहाटे तीन वाजले की घड्याळं पुन्हा दोनवर आणायची होती. म्हणजे त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा आला! शनिवारची रात्र, उजाडता रविवार, आणि त्या वेळी खराखुरा अंधार. एक साक्षीदार म्हणतो अडीचला किंकाळी ऐकली, दुसरा म्हणतो अडीचला संशयित माझ्यासमोर बसला होता. दोघंही खरं बोलतायत. खून तिथे हलवला.

मला यात एक भीती वाटते, ती इथेच सांगतो. घड्याळाची चतुराई फार झाली तर गोष्ट कोड्याची होते, काळ्या गुन्हेकथेचा कडवटपणा जातो. म्हणून फौजदाराला उत्तर लवकर कळतं. कळून उपयोग होत नाही, हे खरं दुखणं. संशयिताकडे 'पर्सिलशाइन' आहे: हा माणूस नाझीपणाच्या डागापासून स्वच्छ असल्याची शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, पाद्र्याने लिहून दिलेली चिठ्ठी. पर्सिल ही कपडे धुण्याची पावडर, त्यावरून लोकांनीच ठेवलेलं नाव. धुऊन निघालेल्या माणसाला हात लावायचा तर वरच्यांची मर्जी लागते, आणि वरचे चार.

खून हलवला तसे बाकीचे टाकेही उसवत गेले.

टिअरगार्टन बागेत माझा फौजदार 'गर्द झाडीआड' उभा होता. झाडी? दोन लाखांतली जेमतेम ७०० झाडं उरली होती. काही लढाईत गेली, बाकीची सरपणाला. लोकांनी तिथे बटाटे आणि भाजीपाला लावला होता. आता फौजदार बटाट्याच्या सरीत पालथा पडून पाळत ठेवतो. आधी हसू आलं, पण पुन्हा वाचलं तर प्रसंग जास्त जमलाय. गुडघाभर पाला, नाकात ओली माती, आणि पोटात भूक असताना तोंडापासून वीतभर अंतरावर दुसऱ्याचे बटाटे.

मग सिगारेटी. अशा गोष्टीतला पोलीस सिगारेट ओढणारच, या समजुतीवर मी त्याला सगळ्या खर्ड्यात ४३ सिगारेटी पाजल्या होत्या (शोधून मोजल्या). पण त्या वेळी सिगारेट हेच नाणं होतं. काळ्या बाजारात एका अमेरिकन सिगारेटला पाच-सात राइशमार्क (तेव्हाचं जर्मन चलन) सहज पडायचे, आणि साध्या नोकरदाराचा महिन्याचा पगार दीड-दोनशेच्या घरात. माझा फौजदार दर पानावर दिवसाचा पगार जाळत होता! ४२ कापल्या. एक ठेवली. ती त्याच्या आतल्या खिशात पहिल्या प्रकरणापासून आहे आणि तिचं काय होतं ते शेवटी. कापाकापीनंतरचं एक वाक्य देतो, कसं वाटतं सांगा: "त्याने सिगारेट काढली, नाकाजवळ धरली, आणि कालच्यापेक्षा वास कमी झालाय का ते पाहून परत ठेवली."

घड्याळांचाही प्रश्न होता. १९४५ साली रशियन शिपायांनी "उरी, उरी" करत बर्लिनकरांच्या मनगटावरची घड्याळं उतरवून घेतली होती. त्यामुळे माझ्या साक्षीदारांपैकी किती जणांकडे घड्याळ असणार? वेळ सांगायची ती शेजारच्या भिंतीवरचे टोले ऐकून. इथे मला आमच्या घरातलं आजोबांचं लंबकाचं घड्याळ आठवलं. टोल्यांच्या घड्याळाचा काटा मागे फिरवू नये, असं ते बजावायचे. तास मागे न्यायचा तर लंबक थांबवायचा आणि तासभर वाट बघायची.

परवा रविवारी करूनच पाहिलं. दुपारी तीनचे टोले पडू दिले, मग काटा उलटा फिरवून दोनवर आणला आणि वही घेऊन समोर बसलो. अडीचला एक टोला, ठीक. मग काटे पुन्हा तीनवर आले. एक, दोन, तीन, आणि चौथा. टोल्यांच्या चाकाला काटे मागे गेल्याचा पत्ताच नव्हता.

मी ते वहीत लिहीत होतो तेवढ्यात आतून आईची हाक आली, "चार वाजले का रे? चहा टाकू?"