तीन केरी आणि एक भैरवी

प्लॅन माझा नव्हताच, मावशीचा होता. जून संपता संपता तिचा फोन आला, "तेरा जुलैला रविवार आहे, गोव्याला जाऊ या." मला वाटलं पावसाळी गोवा, धबधबे वगैरे, म्हटलं चालतंय की. मग कळलं की तेरा जुलै म्हणजे जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांचा जन्मदिवस (१८९२ चा) आणि मावशीला त्यांचं गाव बघायचंय, बीच नाही, धबधबा नाही, फक्त गाव. मावशी रिटायर्ड संगीत शिक्षिका, कोल्हापुरातच आयुष्य गेलं, जयपूर घराण्याचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली येतो तिचा, देवळात गेल्यासारखा.

माझा या सगळ्यातला इंटरेस्ट वेगळा होता. मला गाण्यातलं काही कळत नाही पण व्हॉयेजरचं वेड शाळेपासून आहे. १९७७ मध्ये नासाने दोन यानं सोडली, व्हॉयेजर २ आधी २० ऑगस्टला आणि व्हॉयेजर १ नंतर ५ सप्टेंबरला (हो, दोन नंबर आधी, मलाही लहानपणी ही प्रिंटिंग मिस्टेक वाटायची). दोन्हीवर एकेक तांब्याची रेकॉर्ड, वरून सोन्याचा मुलामा. परग्रहावर कोणाला सापडलीच तर त्यांना पृथ्वी कशी होती ते कळावं म्हणून त्यात फोटो, ५५ भाषांत नमस्कार-चमत्कार, पाऊस-वारा-प्राण्यांचे आवाज आणि जगभरातलं मिळून २७ तुकडे संगीत. त्यात भारतातलं एकच गाणं आहे. केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची.

म्हणजे आम्ही दोघं एकाच बाईच्या गावाला निघालो होतो पण दोन वेगळ्या टोकांनी.

पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. बेळगावपर्यंत हायवे मस्त, मग जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट. घाटाबद्दल जास्त लिहीत नाही, धुकं एवढं की बॉनेट दिसत नव्हतं आणि खड्डे एवढे की दिसले नाहीत तेच बरं. मावशी मात्र निवांत. वाटेत मला सांगत होती की केसरबाई आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात होत्या, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, नंतर गोव्यात परत गेल्यावर वझेबुवांकडे, मग मुंबईत भास्करबुवा बखले, आणि शेवटी १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेब, जे आधी आपल्या शाहू महाराजांच्या दरबारात होते. "म्हणजे बघ, दोन्हीकडून कोल्हापूर आहे," हे तिने एवढ्या अभिमानाने सांगितलं की जणू यान पण रंकाळ्यावरून सोडलं होतं.

घाट उतरल्या उतरल्या पाटी आली, केरी. मी गाडी बाजूला घेतली, म्हटलं पोचलो की, लवकरच! चहाच्या टपरीवर विचारलं, केसरबाईंचं घर कुठं? टपरीवाला माझ्याकडे बघून हसला, "हें सत्तरीचें केरी. तुमकां फोंड्याचें जाय." आणि वर, "पेडण्याचें बी एक आसा." गोव्यात केरी तीन! पेडण्याचं समुद्रकाठी, तेरेखोलची फेरी लागते तिथलं, सत्तरीचं हे घाटाखालचं, आणि आपल्याला हवं ते फोंडा तालुक्यातलं. मॅपवर मी नुसतं 'केरी गोवा' टाकलं होतं. मावशी गाडीतून खाली न उतरताच म्हणाली, "तुला साधं फोंडा लिहिता आलं नाही? आणि म्हणे यान." मी गप्प.

तिथून साखळी, उसगाव करत फोंडा. पाऊस आता नीट लागला होता. फोंड्याच्या आतल्या रस्त्याला लागलं की गोवा एकदम वेगळा होतो, दोन्ही बाजूला कुळागरं, माडाच्या खाली पोफळी, पोफळीवर मिऱ्याचे वेल, आणि दर दोन-चार किलोमीटरला एक देऊळ. यातली बरीच दैवतं पोर्तुगीजांच्या काळात तिकडून पळवून इकडे आणलेली, केरीची विजयादुर्गासुद्धा मूळची सांकवाळची. आम्ही आधी तिथंच गेलो, मावशीने ओटी भरली, मी ओल्या चपला हातात घेऊन सभामंडपात बसलो. मंगेशी, म्हार्दोळ सगळं जवळपासच. एवढ्याशा टापूतून एवढं गाणं आलं. देवळं होती आणि देवळांत सेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांतल्या बायका होत्या, पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या, आणि गाणं सगळ्यांना हवं होतं पण त्या बायकांना मान द्यायचा म्हटलं की गाव दुसरीकडे बघायचं. केसरबाई त्यातूनच आलेल्या. पुढे १९६९ मध्ये पद्मभूषण, महाराष्ट्राने राज्यगायिका केलं, कलकत्त्याने सूरश्री म्हटलं. पण हे सगळं पुढचं.

गावात त्यांच्या नावाचं हायस्कूल आहे, सूरश्री केसरबाई केरकर हायस्कूल. ही जागा म्हणजे त्यांचं दुसरं घर होतं तिथली. रविवार, त्यामुळे गेट बंद. मावशी छत्री धरून पाटीसमोर उभी राहिली आणि मला म्हणाली फोटो काढ. मी काढला. मग म्हणाली पाटी पूर्ण आली का. पुन्हा काढला. जन्माचं घर तिथून एक किलोमीटरच्या आतच आहे, अजून उभं आहे. आम्ही ते बाहेरूनच बघितलं, कोणाच्या दारात जाऊन 'तुमच्या घरातून गाणं अंतराळात गेलंय, आत येऊ का' असं विचारणं मला जमलं नसतं. मावशीने रस्त्यावरूनच हात जोडले. पन्हाळीतून पाणी पडत होतं, एक कुत्रा आमच्याकडे बघून भुंकायचा की नाही ते ठरवत होता. बास, एवढंच. मला काय अपेक्षित होतं कोण जाणे, उपग्रहाची डिश?

मग भूक. नाक्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव, मिरची भजी, आणि शेजारच्या बाकावर एक काका, सत्तरीचे असतील (वय, तालुका नाही). कोल्हापूरहून खास केसरबाईंसाठी आलो म्हटल्यावर सरकून बसले. त्यांना रेकॉर्डचं माहीत होतं, गावात सगळ्यांनाच माहीत आहे म्हणाले, पण आत नक्की काय काय आहे ते विचारायला लागले आणि मी सुटलोच. रेकॉर्डवर काय जाणार ते ठरवणारी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनची कमिटी, हाताशी काही महिनेच, कुठलं संगीत घ्यायचं यावर वाद. रॉबर्ट ब्राउन नावाचे एक अमेरिकन संगीत अभ्यासक होते, त्यांनी भारतातलं म्हणून हीच भैरवी सुचवली. पण ती रेकॉर्ड तोपर्यंत बाजारात मिळेना. शेवटी कमिटीतल्याच अ‍ॅन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. काका हसून हसून लाल, "टेबलाखाल!"

मग त्यांनी विचारलं की ५५ भाषांत मराठी आहे का. आहे. मराठीतून एका बाईने पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा सांगितल्यात. हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू सगळं आहे. "आनी कोंकणी?"

नाही.

काकांनी पावाचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून ठेवला. "आमच्या गांवचें गाणें व्हेलें आनी कोंकणी ना?" आता मी काय बोलणार. बरेचसे आवाज अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात रेकॉर्ड केले होते, जे बोलणारे आसपास मिळाले ते घेतले, तमिळ आणि मल्याळम पण राहिलंच, असं सांगून बघितलं. त्यांचं समाधान झालं नाही आणि खरं तर माझंही नाही.

खरी मजेची गोष्ट मावशीने काढली. केसरबाई रेडिओला तयार नसायच्या. असं सांगतात की आपलं गाणं पानाच्या टपरीवर कोणीही येता-जाता ऐकेल हे त्यांना मंजूर नव्हतं. ऐकायचं तर समोर बसा, नीट बसा, मध्ये उठू नका. शिकवायचं तरी किती जपून, शिष्या म्हणून नाव निघतं ते एकाच बाईचं, धोंडूताई कुलकर्णी, आणि त्या पण मूळच्या कोल्हापूरच्या (मावशीने टेबलावर बोट आपटलं). रेकॉर्डिंग पण मोजकीच. आणि अशा बाईचं गाणं कुठं गेलं तर जिथं कोण ऐकेल, कधी ऐकेल, त्याला कान तरी असतील का, यातलं काहीच माहीत नाही अशा ठिकाणी! मी म्हटलं मावशी, हे तर टपरीपेक्षा वाईट झालं. ती म्हणाली, "तसं नाही. तिथं निदान मध्ये उठून कोणी जात नाही."

व्हॉयेजर १ सुटलं आणि अकराच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ ला, केसरबाई गेल्या. पंच्याऐंशी वर्षं. शेवटच्या दिवसांत हे त्यांच्या कानावर किती गेलं असेल याचा विचार मी परतीच्या रस्त्यावर बराच वेळ करत होतो.

मुक्काम म्हार्दोळच्या बाजूला एका होमस्टेत होता. संध्याकाळी लाइट गेले, ते अपेक्षितच. व्हरांड्यात बसलो. फोनमध्ये नासाच्या साइटवर यानाचं अंतर लाइव्ह पळतं ते मावशीला दाखवलं, साधारण २,५०० कोटी किलोमीटर, सेकंदाला १७ किलोमीटरने जातंय, इथून हाक मारली तर, म्हणजे रेडिओ सिग्नल पाठवला तर, पोचायला २३ तास. ती म्हणाली शून्यं मोजू नकोस, कुठल्या दिशेला आहे ते सांग. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता! जुलैच्या रात्री वृश्चिक दक्षिणेला दिसतो, त्याच्या वर भुजंगधारी, व्हॉयेजर १ त्याच बाजूला गेलंय. म्हणजे जवळपास आमच्या डोक्यावरच. पण वर काळे ढग आणि पत्र्यावर पाऊस, मी उगाचच छपराकडे बोट दाखवत होतो.

"लाव," मावशी म्हणाली.

दुपारी गाडीत एकदा लावलं होतं तेव्हा आमचं भांडण झालेलं. झालं असं की रेकॉर्डच्या क्रमात ही भैरवी पंचविसावी आहे आणि पुढे अजून दोन तुकडे आहेत, माझी प्लेलिस्ट त्याच क्रमाने, भैरवी संपली की लगेच पुढचं सुरू. मावशी ओरडली, बंद कर बंद कर, भैरवीनंतर काही लावतात का? मैफल भैरवीने संपते, त्यानंतर कोणी गात नाही, एवढं पण त्या सेगनला कोणी सांगितलं नाही? मी म्हटलं अगं त्यांनी जगाची मैफल केलीय, आपले नियम कशाला पाळतील. ती खिडकीबाहेर बघत बसलेली पार बाणस्तारीपर्यंत.

आता अंधारात लावलं. स्पीकर छोटा, आणि बाहेर बेडूक आणि रातकिडे एवढे सुटलेले की सुरुवात नीट ऐकूच येईना. (रेकॉर्डवर बेडूक आणि रातकिडे पण आहेत, पाऊस पण, फक्त वेगळ्या भागात. इथं सगळं एकत्रच वाजत होतं.) मग आवाज आला. मला राग-बिग समजत नाही हे आधीच सांगितलंय, पण हा आवाज गोड नाही, मी गोड म्हणणार नाही, तो भरीव आहे, सरळ येतो, लाडात येत नाही. 'अकेली' कुठं चाललीस असं विचारणारं गाणं एकट्या यानावर गेलं हा योगायोग सगळेच सांगतात, मी पण दहा जणांना सांगितलाय. पण त्या व्हरांड्यात ते सुचलंच नाही. मला सकाळचं घर दिसत होतं, पन्हाळीखालचं, आणि तिथं कधीतरी सा लावणारी एक पोरगी. मावशीची मान हलत होती, एका जागेवर तिने नुसतं "हं" केलं, ती जागा कुठली ते मला आजही सांगता येणार नाही.

साडेतीन मिनिटं संपली. माझा हात फोनकडे गेला, पुढचं सुरू व्हायच्या आत बंद करायला. मावशी म्हणाली, "राहू दे."

सव्विसावं. ब्लाइंड विली जॉन्सन, टेक्सासचा, लहानपणीच डोळे गेलेले, रस्त्यावर गाणारा, १९४५ मध्ये गरिबीतच गेला. हे १९२७ चं रेकॉर्डिंग. यात शब्दच नाहीत, नुसती गिटार घसरते आणि तो तोंड मिटून हुंकार भरतो, कण्हल्यासारखा. मी हे सगळं सांगणार होतो पण तिने हात वर केला, गप्प म्हणून.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "हा कोण रे? आलाप करतोय की." आणि मग, "परत लाव. बाईंपासून."

फोनची बॅटरी अकरा टक्के होती. लावलं.