आमची वाटचाल : तीन आठवडे आडवी रेषा

२०१५ साली पुण्यात, पाषाणला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघांनी सुरुवात केली. नातेवाईक विचारायचे, "म्हणजे औषधं बनवता का?" नाही. जिवाणूंच्या पेशीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. त्यांतलं क्लप-पी आम्ही शुद्ध करून विकतो, आणि औषध शोधणाऱ्यांचे रेणू त्यावर तपासून देतो. सात-सात भागांची दोन कडी एकावर एक ठेवलेलं पिंपच ते. धार आतल्या बाजूला, त्यामुळे दिसेल ते प्रथिन कापलं जात नाही.

पहिली मोठी ऑर्डर क्षयाच्या जिवाणूच्या क्लप-पीची आली. त्याच्याकडे क्लप-पी दोन प्रकारचं, आणि दोन्ही असल्याशिवाय तो जगत नाही. आम्ही ई. कोलाय या जिवाणूत दोन्ही वेगवेगळी बनवली, निकेलच्या कॉलमवरून गाळून काढली, शुद्धता तपासायच्या जेलवर पट्टे कसे स्वच्छ! प्रकाश मोजणाऱ्या यंत्रावर, प्लेट रीडरवर मात्र रेषा आडवीच. चाचणीसाठी घातलेलं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, तुटलं की निळा प्रकाश वाढायला हवा, ढिम्म नाही. तीन आठवडे बफर, म्हणजे एन्झाइम ठेवायची द्रावणं, बदलले, मीठ कमी-जास्त केलं, एकमेकांवर डाफरलो. शेवटी पहिल्या दिवसापासून टेबलावर पडलेला २०१२ चा शोधनिबंध नीट वाचला. एक कडं एका प्रकाराचं, दुसरं दुसऱ्याचं, अशी जोडी जमली तरच काम होतं, आणि जमायला एक छोटं पेप्टाइडही घालावं लागतं. घातलं. संध्याकाळी रेषा चढली. गिऱ्हाइकाला उशिराचं खरं कारण सांगितलं, लाज वाटली तरी.

एन्झाइम बंद पाडेल तोच रेणू कामाचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण २००५ मध्ये पुढे आलेली अ‍ॅसिलडेप्सिपेप्टाइडं नावाची प्रतिजैविकं उलटं करतात. ती क्लप-पीचं तोंड उघडं ठेवतात, मग ते जिवाणूच्याच प्रथिनांचा फडशा पाडतं. म्हणून आकडा खाली आला काय नि वर गेला काय, आमच्या तक्त्यात दोन्हीला खूण होते.

खरी पंचाईत पुढे असते. आपल्या पेशींच्या मायटोकाँड्रियातही क्लप-पी असतं. त्यामुळे रेणू त्यावरही तपासायला मानवी क्लप-पीही आम्ही ठेवायला लागलो. "तुमचा रेणू तिथंही लागू पडतोय" हा फोन मात्र मीच करतो, पोरांवर सोपवत नाही.

एका गुरुवारी दिवसभर वीज गेली, उणे ऐंशीचा फ्रीज वितळला आणि चार महिन्यांचा माल गेला. आता सहाजण आहोत. जनरेटरचे हप्ते अजून चालू आहेत.